सगळ्यात मोठी नळी

अध्यक्षांनी मला ‘वहिनी’ म्हटलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की काहीतरी शिजतंय. इतकी वर्षं मी दर गुरुवारी संध्याकाळी या दगडी सभागृहात ऑर्गन ऐकायला येते, आणि इतकी वर्षं हे गृहस्थ, श्रोतेमंडळाचे अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य, दारात उभे राहून मला ‘या मॅडम’ म्हणतात. कधी तेवढंही नाही, नुसती मान हलवतात. मला ते पुरतं. माझ्या नवऱ्याला त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. मग मी त्यांची वहिनी कुठल्या नात्यानं झाले? पण त्या दिवशी दोन्ही हात पुढे करून ते म्हणाले, “या वहिनी, या. आज तुमची जागा पुढे.” माझी जागा पुढे नाही. माझी जागा मागे, डावीकडच्या शेवटच्या खांबाच्या आड, जिथून वादकाची पाठसुद्धा दिसत नाही आणि जिथे वरच्या सज्जातून निघालेला आवाज छताला लागून, भिंतींना लागून, सगळा एकत्र होऊन खाली येतो. मी तसं म्हणणार तेवढ्यात पहिल्या रांगेत मुलगा उठून हात हलवताना दिसला. शेजारी सून, अंगात ठेवणीतला कोट. माझा मुलगा, आणि ऑर्गन ऐकायला. पहिला विचार मनात आला तो हा, की कोणीतरी गेलं.

कोणी गेलं नव्हतं. जे जायचे ते गेल्या वर्षीच गेले होते. मला दोघांच्या मध्ये बसवण्यात आलं, पेशंटला बसवतात तसं, आणि सुनेनं माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली. मग अध्यक्ष पायरीवर चढले आणि त्यांनी माइकवर फुंकर मारली. या मंडळाची एक योजना आहे: ऑर्गनच्या नळ्या दत्तक द्यायच्या. ऑर्गन म्हणजे शेवटी हजारो नळ्यांचं जंगल. प्रत्येक नळीचा एकच सूर, हवा सोडली की बोलते, बंद केली की गप्प. जुनं वाद्य आहे, नळ्या खराब होतात. देणगी द्यायची, नळी दुरुस्त होते, आणि तिच्याखाली पितळी पट्टीवर आपण सांगू ते नाव लागतं. लोक नातवंडांच्या नावानं घेतात. एका बाईंनी आपल्या मेलेल्या मांजराच्या नावानं बोटाएवढी नळी घेतली आहे. तोवर मी हसत होते, मला ती मांजराची गोष्ट आवडते. मग अध्यक्ष म्हणाले की या वाद्याची सगळ्यात मोठी नळी, दोन मजले उंच, लाकडी, सगळ्यात खालच्या सुराची, कित्येक वर्षं चिरफाळून मुकी पडली होती. आणि आज ती बोलणार आहे. का, तर आपल्या एका जुन्या श्रोत्या बाईंच्या चिरंजीवांनी ती आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ दत्तक घेतली आहे. “पतीच्या जाण्यानंतर वहिनींना या संगीतानं केवढा आधार दिला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे,” अध्यक्ष म्हणाले. “आता त्यांच्या लाडक्या ऑर्गनमधून त्यांच्या यजमानांचा आवाज कायम घुमत राहील.”

टाळ्या झाल्या. मुलानं माझा हात दाबला आणि हळूच म्हणाला, “सरप्राइज, आई.” सून म्हणाली, “रडू नका हं.” मी रडत नव्हते. मला घाम फुटला होता. मला त्या क्षणी उठून त्या माइकपाशी जावंसं वाटलं आणि एवढंच सांगावंसं वाटलं, की गृहस्थहो, तो माणूस या दारातून एकदाही आत आला नाही, आणि म्हणूनच मी येत होते.

माझ्या नवऱ्याचा आवाज मोठा होता, हा काही त्याचा दोष नव्हता. देवानं दिलेला गळा. दोष हा की तो थांबत नसे. त्याची मोटार शिकवायची शाळा होती. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. शिकणारा बिचारा स्टीअरिंग धरून बसलेला असतो, त्याला वाटतं गाडी आपण चालवतोय, आणि शेजारच्याला वाटलं की तो पाय दाबतो, गाडी जागच्या जागी उभी. घरातही त्याच्या बाजूला ब्रेक होता. मी वाक्य सुरू करायचे, जरा वेग घ्यायचे, की हा म्हणायचा, “झालं का तुझं?” रागानं नाही. त्याचं वाईट हेच की कधी रागानं नाही. झालं का तुझं, मग मीठ दे. झालं का तुझं, मग ऐक, आज काय गंमत झाली. मग आजची गंमत जेवण संपेपर्यंत चालायची, हात धुताना चालायची, दिवा मालवल्यावरही थोडी उरलेली असायची. मी एकदा त्याला सांगायला घेतलं होतं की आज कामावर एक चिमुरडी आली होती, तिच्या कानाला पहिल्यांदाच यंत्र लावलं, आणि तिच्या आईनं तिला हाक मारली तेव्हा ती पोरगी... “झालं का तुझं?” ती पोरगी काय करायला लागली हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. असली अर्धी वाक्यं माझ्या पोटात किती पडून असतील, कोण जाणे. तक्रार करायची तर कोणाकडे? मारत नाही, पीत नाही, पैसा घरात येतो. मी बहिणीला सांगितलं तर ती हसली. बोलका नवरा मिळालाय, नशीब समज, म्हणाली. आमच्याकडे तर तोंडातून शब्द फुटायची मारामार.

माझी नोकरी कान तपासायची. इस्पितळातली काचेची खोली, आत पेशंट, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मी. मी बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, आणि मी कागदावर टिंब मारायचं. एकदा मी नवऱ्याला नेऊन त्या खोलीत बसवलं. कामावरच्या मुली म्हणाल्या, साहेबांचे कान तपासा, फार मोठ्यानं बोलतात. मी गंमत म्हणून हो म्हटलं, पण मनात गंमत नव्हती. मनात आशा होती. मी एकेक सूर सोडत गेले, वरचे, खालचे, अगदी मुंगीच्या पावलांएवढे, आणि तो काचेमागे हसत हसत प्रत्येकाला बटण दाबत गेला. एकही चुकला नाही. असा कान मी क्वचित पाहिला होता. बाहेर येऊन म्हणाला, “बघ, मला सगळं ऐकू येतं.” त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. बहिरा निघाला असता तर मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं.

या सभागृहात मी पहिल्यांदा आले ती काही संगीताच्या ओढीनं नव्हे. बस बंद होत्या, पाय दुखत होते, आणि दार उघडं होतं. आत बाकं होती. मी मागच्या खांबाला टेकले आणि चपला काढून पाय मोकळे केले. दिवसभर सूर ऐकलेल्या माणसाला आणखी सूर नको असतात; मी तर डोळे मिटून पेंगायच्या तयारीत होते. वर कोणीतरी एक वाक्य वाजवलं. साधंच, चालीचं, घरातल्या बाईनं बोलावं तसं. मला वाटलं आता झालं, आता दुसरं कोणीतरी ‘झालं का’ म्हणेल. आणि खरंच दुसरा आवाज आला. पण त्यानं पहिल्याला थांबवलं नाही. त्यानं तेच वाक्य घेतलं, जरा वरच्या पट्टीत, आणि पहिला आवाज बोलतच राहिला, आपलं पुढचं सांगत. मग तिसरा आला. मग चौथा, पायांनी वाजवायचा, खालून. चौघं एकदम बोलत होते आणि मला चौघंही ऐकू येत होते. कोणी कोणाला गप्प करत नव्हतं. ज्याची पाळी येई त्याला बाकीचे वाट देत, आणि वाट देतानाही आपलं बोलणं सोडत नसत. तीनशे वर्षांपूर्वी कोणा माणसानं बसून हे लिहून ठेवलं होतं, की असं घर असू शकतं. मी चपला शोधायचं विसरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते दुःखाचं नव्हतं आणि भक्तीचंही नव्हतं. मला संताप आला होता. हे शक्य होतं, इतकं साधं होतं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून गुरुवार माझा झाला. घरी मी एवढंच सांगितलं की ऑर्गन ऐकायला जाते. तो म्हणाला, “ऑर्गन? म्हणजे तो भोंगा?” आणि स्वतःवरच खूश होऊन हसला. मग तो शब्दच पडला. पाहुणे आले की म्हणायचा, “आमच्या हिला भोंग्याचा नाद आहे.” मुलगा लहान होता, तोही म्हणायचा, “आईचा आज भोंगा.” भोंगा तर भोंगा. त्यानं त्याला भोंगा म्हटलं म्हणून तर तो तिकडे फिरकला नाही, आणि ती जागा माझी राहिली. त्याच्या नजरेतून सुटलेली माझी एवढी एकच जागा होती, आणि ती मी कंजुषासारखी जपली. तिथलं काहीही मी घरी आणलं नाही, गुणगुणलेसुद्धा नाही. तो गेला त्या आठवड्यातही मी गुरुवारी आले, त्याच खांबाआड बसले. त्यावरून या मंडळींनी आधाराची कथा रचली. बिचारी, दुःख विसरायला येते. मी त्याच्या आधी इतकी वर्षं काय विसरायला येत होते, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

वर वादन सुरू झालं होतं. आमची ऑर्गनवादक एक जाडजूड बाई आहे, पातळ तळाचे बूट घालून वाजवते, लोकांशी फार बोलत नाही. सुरुवातीला तिनं दोनचार लहान रचना घेतल्या, नाचाच्या चालीच्या, हलक्या. एरवी मी त्यात पोहले असते. त्या दिवशी मला काही म्हणजे काही ऐकू येईना. मी त्या एका सुराची वाट बघत होते. पायांची ओळ खाली उतरायला लागली की माझे खांदे आखडायचे, आता, आता, आणि ती मध्येच वळून वर जायची की मी श्वास सोडायचे. सून दर थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन विचारायची, “बाबांचा तो आता वाजला का?” मी नाही म्हणायचे. मुलगा मांडीवर हात ठेवून ताठ बसला होता, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखा. मला त्याचीही कीव येत होती आणि रागही येत होता, आणि कीव आली म्हणून आणखी राग येत होता. एवढी मोठी गोष्ट केलीस, देणगी दिलीस, सुतार आणलेस, पट्टी कोरून घेतलीस, आणि सहा शब्द विचारायचे तेवढे राहिले. आई, तुला हे चालेल का गं? सरप्राइज म्हणे. बापानं मला आयुष्यभर सरप्राइजच दिली. घर बदललं ते सरप्राइज, लग्नानंतर नुकतीच लावलेली माझी पियानोची शिकवणी बंद केली तेही सरप्राइज, ‘तुझा वेळ वाचवला’.

शेवटी मोठा फ्यूग आला, तोच एकामागून एक येणाऱ्या चार आवाजांचा प्रकार. ही रचना माझी चांगल्या ओळखीची. तिच्यात एक जागा आहे, मधल्या दोन आवाजांची, जिथे एक दुसऱ्याला जवळजवळ धक्का देतो आणि मग सरकून जागा करून देतो. त्या जागेसाठी मी थंडीतापात आलेली आहे. ती जागा आली आणि गेली आणि माझ्या ध्यानात आलं ती गेल्यावर. मी खालच्या सुराची पहारेकऱ्यासारखी राखण करत बसले होते. म्हणजे मेल्यावरही त्यानं माझा तो तास घेतला. इथे येऊन घेतला, माझ्या जागेवर येऊन, आणि त्याला साधा दरवाजासुद्धा ढकलावा लागला नाही, पोरानं आणून बसवला. आणि मग पायांची ओळ उतरू लागली. एकेक पायरी, न घाबरता, शेवटच्या पायरीखाली आणखी एक पायरी असावी तशी, आणि तो सूर आला. तो कानाला कळत नाही, आधी पोटाला कळतो. बाक थरथरलं, तळव्यांना मुंग्या आल्या, पुढच्या काचेच्या झुंबरात काहीतरी किणकिणलं. वरचे तिन्ही आवाज आपापलं बोलणं पुरं करत होते आणि हा खाली नुसता उभा होता, त्यांना तोलून धरत, एक अक्षर मध्ये न घालता. मला अजूनही त्या गोष्टीचा राग येतो. इतका समंजसपणा, इतका धीर, सगळ्यांचं होईपर्यंत थांबणं, आणि हे सगळं आता त्याच्या नावावर. जिवंतपणी एक वाक्य ऐकून घेतलं नाही आणि मेल्यावर पितळी पट्टीवर साऱ्या जगाचा आधारस्तंभ. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. मी मान वळवली तर दोन्ही बाजूंनी लोक माझ्याकडे बघत होते. वर सज्जाकडे नाही, माझ्याकडे. मी रडते का ते बघत होते.

मंडळाची आणखी एक रीत आहे. वादन संपलं की बाजूच्या खोलीत चहा होतो आणि एकेकानं उभं राहून आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. याला ते आस्वाद म्हणतात. इतक्या वर्षांत मी आस्वादात काही बोललेले नाही. पाळी आली की ‘छान झालं’ म्हणून कप उचलते. घरी मी गप्प असायचे ते वेगळं आणि इथलं गप्प बसणं वेगळं, हे मी इथे कोणाला समजावत बसणार? त्या दिवशी सगळे रंगात आले होते. औषधांच्या दुकानाची मालकीण म्हणाली, तिच्या अंगावर काटा आला, जणू कोणीतरी वरून आशीर्वाद देतंय. एक गृहस्थ म्हणाले, हे जुन्या काळचं बरोक संगीत म्हणजे शांती, निव्वळ शांती, ते बँकेतून आले की हेच लावून झोपतात. शांती! चार माणसं आपापलं म्हणणं न सोडता एका छपराखाली कशी नांदतात याचा तो हिशेब आहे, त्यात एक क्षण ढिलाई चालत नाही, आणि हे त्यावर झोपतात. कोणी म्हणालं तळमळ, कोणी म्हणालं एकरूपता. कुठला आवाज कोणाला काय म्हणाला, याबद्दल एक अवाक्षर नाही. मग अध्यक्षांनी चमचा कपावर वाजवला आणि म्हणाले, “वहिनी, आज तुम्ही बोलायलाच हवं.”

मी उठले. मुलगा कौतुकानं बघत होता. मी म्हणाले, “मला इथे आधार मिळत नाही. मला इथे ऐकू येतं, म्हणून मी येते.” लोकांनी माना डोलावल्या. औषधवाली म्हणाली, “वा.” मला कळलं की ते पोचलं नाही. म्हणून मी सरळ सांगितलं, “माझे यजमान इथे कधीही आले नाहीत. त्यांना हे आवडायचं नाही. ते या ऑर्गनला भोंगा म्हणायचे.”

सगळी खोली हसली. प्रेमानं हसली. “भोंगा,” अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, “आणि बघा नियतीचा खेळ, सगळ्यात मोठा भोंगा त्यांच्याच नावाचा.” औषधवाली माझा दंड धरून म्हणाली, “किती गोड असतील हो ते.” पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटलं हातातला कप तिच्या कोटावर ओतावा. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या माणसांसमोर खरं बोलले, आणि त्याचीसुद्धा या लोकांनी साखर घालून मिठाई केली. ही माणसं ऐकतातच असं. कडू सूर कानावर आला की चटकन गोड करून गिळतात, आणि वर त्याला आस्वाद म्हणतात.

मुलगा मात्र हसला नव्हता. त्यानं मला दाराशी गाठलं. “आई, हे तू काय बोललीस?”

“खरं बोलले.”

“बाबा प्रेमानं म्हणायचे भोंगा.”

“म्हणत असतील. मला ते प्रेमानं ऐकू आलं नाही.”

“मला वाटलं तुला बरं वाटेल.”

“मला काय झालं होतं, बरं वाटायला?”

त्याचा चेहरा लहानपणी पडायचा तसाच पडला, खालचा ओठ जरा पुढे. “तू कधी काही बोलली नाहीस,” तो म्हणाला. “जेवायला आपण तिघंच असायचो ना, मी तिथेच असायचो. तू कधीच काही बोलली नाहीस.”

“बोलायचे रे,” मी म्हणाले. “सुरू करायचे.”

त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायला लागला. मी पुढे बोलणार होते, ती चिमुरडीची गोष्टही कदाचित सांगितली असती, पण तेवढ्यात अध्यक्ष टाळ्या वाजवत आले. अजून एक विधी बाकी होता. दत्तक घेणाऱ्या घरातल्या माणसानं वर सज्जात जाऊन आपली नळी स्वतः एकदा वाजवायची, आणि मंडळींनी खाली उभं राहून ऐकायची. “वहिनींनीच,” अध्यक्ष म्हणाले. मुलगा पुटपुटला, “आई, तुला नको असेल तर राहू दे, मी जातो.” त्यानं विचारलं, निदान इतकं तरी झालं. का कोण जाणे, मी म्हणाले, “नाही. मीच जाते.”

गोल जिना चढताना मी दोनदा थांबले. वर ऑर्गनवादक बाई बाकावर बसून संत्रं सोलत होती. इतकी वर्षं जिची बोटं मला कानांनी ओळखीची, तिचा चेहरा मी पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिला. दमलेला, साधा चेहरा. तिनं सरकून जागा केली. खाली लाकडी पट्ट्यांची रांग होती, पायांनी वाजवायची, आणि तिच्या डाव्या टोकाची पट्टी झिजून गुळगुळीत झालेली. मागे अंधारात ती नळी उभी होती, कपाटासारखी, नवीन लाकडाची ठिगळं लावलेली, आणि खाली पितळेवर त्याचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी ते वाचलं. जिवंत असताना मी त्याला नावानं कधी हाक मारली नाही, आणि आता त्याच्या नावाला पाय लावायचा होता.

“मला विचाराल तर ही नळी मला आवडत नाही,” वादक बाई म्हणाली. “अवजड आहे. हवा फार खाते. पण तळाला काहीतरी लागतंच.” तिनं संत्र्याची फोड माझ्यापुढे धरली. “चप्पल काढा. टाच नको, चवडा टाका. आणि दाबून धरा. पाय उचललात की बंद होईल.”

“लगेच?”

“लगेच. थोडं घुमेल, मग संपलं.”

मी चप्पल काढली. पट्टी गार होती. खाली कोणीतरी म्हणालं, शू, आणि सगळे शांत झाले. मी चवडा टाकला. जरा वेळ काहीच झालं नाही, मग मागच्या लाकडात कुठेतरी श्वास भरला आणि तो सूर आला, बाकातून, माझ्या पाठीच्या कण्यातून, खालच्या फरशीपर्यंत. माणसाचा आवाज नव्हता तो. त्याचा तर नव्हताच. पण नाव त्याचं होतं, आणि तो बोलत होता, आणि माझा पाय त्यावर होता. मी त्याला बोलू दिलं. पुष्कळ बोलू दिलं. मग मी पाय उचलला.

तो थांबला. वाक्याच्या मधोमध थांबावा तसा थांबला. सगळ्या दगडांतून तो एकदा फिरला, छतापाशी थोडा रेंगाळला, आणि विरून गेला. मग मागे जी शांतता उरली ती मी तशी कधी ऐकली नव्हती. तिच्यात कोणी पुढचं बोलायला टपून बसलेलं नव्हतं. मी ती ऐकत बसले. वादक बाईनं एक फोड तोंडात टाकली. खाली लोक चुळबुळायला लागले, कोणी खोकलं, एक टाळी वाजून थांबली. मग मुलाचा आवाज वर आला, काळजीचा, बापाच्याच गळ्यातून आलेला.

“आई, झालं का तुझं?”

माझ्या हाताशी कठडा होता, तो मी घट्ट धरला.

“नाही,” मी वरून सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “माझं अजून व्हायचंय. थांब.”

आणि पाय पुन्हा पट्टीवर ठेवला.